सातच्या बातम्यांची माणसं

आमच्या ऑफिसच्या एका कोपऱ्यात जुन्या केबलच्या वायरींचा ढीग आहे. कुठली वायर कुठं जाते कुणालाच ठाऊक नाही, पण टाकून द्यायचा धीर होत नाही. किश्श्यांचं तसंच झालंय. रोज एखादा पडतो, उचलायला कुणाला वेळ नसतो. मग कधी चार मित्र बसले की मी एक ओढतो आणि सगळा गुंताच बाहेर येतो!

ऑफिस म्हणजे बेळगावात उद्यमबागेच्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीच्या वर असलेलं आमचं लोकल केबल चॅनेल. आप्पा मालक. सुनंदाक्का सकाळी शाळेत शिकवतात आणि संध्याकाळी बातम्या वाचतात. महेश कॉम्प्युटर बघतो. उरलेलं सगळं, म्हणजे कॅमेरा, मोटारसायकल आणि बातमी, माझ्याकडं. मुंबईचं चॅनेल मुंबईचं सांगतं, बेंगळूरचं बेंगळूरचं. शेजारच्या मच्छे गावात काय झालं ते सातला आम्ही सांगतो.

आणि अधूनमधून आप्पा हमखास म्हणतात, "कोण बघतंय रं आपल्याला? पोरंठोरं मोबाईलात डोकं घालून बसल्यात. करूया बंद!" आम्ही लगेच चहा मागवतो. विषय टळतो.

*

हवामानाचं आधी सांगतो. मुंबईवाल्यांचा नकाशा कोल्हापूरला संपतो. बेंगळूरवाले आमच्यापर्यंत येईतो त्यांची वेळ संपते. म्हणून आप्पांनी स्वतःची वेधशाळा काढली. पाऊस आमच्याकडं खानापूरवरनंच येतो, म्हणून रोज पावणेसातला तिथल्या एका दोस्ताला फोन करायचा. "पाऊस लागलाय काय?" त्यानं व्हय म्हटलं की आम्ही बेळगावकरांना छत्री घ्यायला सांगायचं. अंदाज सहसा चुकायचा नाही.

एकदा तो म्हणाला, "छे, लख्ख ऊन हाय!" सुनंदाक्कांनी तसं वाचलं. वाचून होतंय तोवर गावात असा पाऊस कोसळला की गिरणीवाल्यानं सुद्धा वर येऊन आम्हाला शिव्या घातल्या.

फोन वाजला. पलीकडून कुणीतरी अगदी शांतपणे विचारलं, "तुमचा खानापूरचा माणूस लेकीकडं पुण्याला गेलाय, ठाऊक न्हाय व्हय तुम्हाला?"

*

मच्छेच्या एका गृहस्थांची म्हैस हरवली. फोटो आणा म्हटलं, तर म्हशीचा फोटो कुणाकडं असतो? त्यांनी स्वतःचा आणला. महेशनं तोच लावला आणि खाली लिहिलं, 'यांची म्हैस हरवली आहे, आढळल्यास कळवा.'

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू. "त्यो माणूस स्टँडवर चहा पितोय!" "आत्ताच चिकोडीच्या बसमध्ये चढला, पळा!" एकानं तर त्यांना बाजारात हाताला धरून बसवून ठेवलं आणि आम्हाला बोलावलं. म्हैस त्याआधीच आपल्या पायानं घरी आलेली. मालक मात्र आठवडाभर सापडत होता!

*

कुस्तीचं मैदान लाईव्ह दाखवायचं ठरलं. आमच्याकडं कॅमेरा एकच. झाडाला बांधला, वायर ओढली, आणि ऐन वेळेला कळलं की वायर अपुरी पडतेय. कॅमेरा आखाड्याकडं वळेचना. समोर दिसत होतं फक्त पलीकडच्या बाजूचं पब्लिक.

आप्पा कपाळाला हात लावून बसले. "संपलं! आता लोक जोड्यानं मारतील." तासभर आम्ही पब्लिक दाखवलं. लोक उठतायत, टाळ्या वाजवतायत, कोण शेंगा खातंय, कोण शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलंय.

तक्रार एकच आली. "आमी दुसऱ्या अंगाला बसलोय. कॅमेरा हिकडं कवा फिरवताय?"

*

पाण्याची पाळी आम्हीच सांगतो. कुठल्या गल्लीला कधी पाणी सुटणार, हे दुनियेतल्या कुठल्याच मोठ्या चॅनेलवर सांगत नाहीत. एकदा सुनंदाक्कांच्या हातात मागच्या आठवड्याचा कागद आला आणि त्यांनी तोच वाचला. चूक लक्षात आली तेव्हा बातम्या संपलेल्या. आक्का रडकुंडीला आल्या. "बायका पहाटे उठून नळाला बसतील हो माझ्यामुळं!"

सकाळी मी स्वतः गल्लीत गेलो, माफी मागायला. बघतो तर नळाला धो धो पाणी! बायका भांडी भरतायत. मी चक्रावलो. कोपऱ्यावर पाणी सोडणारा गडी चावी फिरवत होता, त्याला विचारलं.

"आज ह्यांची पाळी न्हवती की!"

तो माझ्याकडंच बघत राहिला. "असं कसं? काल आक्कांनी सांगितलं न्हवं? मी तुमच्या बातम्या बघूनच सोडतो!"

*

एकदा मुंबईच्या मोठ्या चॅनेलचा एक पोरगेला वार्ताहर आला. आमच्याच आप्पांनी त्याला माझ्या मोटारसायकलवर निपाणीला धाडलं. त्याला सीमाभागातला संताप पाहिजे होता. हॉटेलात एक म्हातारे अण्णा भजी खात बसलेले. यानं माईक पुढं केला.

"घरात कुठली भाषा बोलता?"

"मराठी."

"आणि बाजारात?"

"कन्नड बी बोलतो, हिंदी बी."

पोरगं पुढं सरकलं. "आणि भांडताना?"

अण्णांनी भजं खाली ठेवलं. "ज्याच्याशी भांडायचं त्याच्या भाषेत. न्हाईतर त्याला कळायचं कसं?"

ते त्यांच्या चॅनेलला लागलं नाही. आम्ही मात्र माझ्या कॅमेऱ्यातलं दोनदा लावलं.

*

सुनंदाक्का एका लग्नाला गेल्या होत्या. मी सोबत होतो. मांडवात एक आज्जी तरातरा आल्या आणि आक्कांचा हातच धरला. "काल खोकत हुतीस. काढा घेतलास काय?"

आक्का गोंधळल्या. "घेतला की. पण... तुम्ही कोण? मी ओळखलं नाही."

आज्जींना असला राग आला! "वळखलं न्हाईस? आगं, रोज सातला तुझ्यासमोर बसतो की मी!"

आक्का हसल्या, आणि मग आज्जींच्या पाया पडल्या. त्या दिवसापासून बातम्यांच्या शेवटी नमस्कार करताना त्या जरा जास्तच वाकतात.

*

आता शेवटचा. हा मी सगळ्यांत जास्त वेळा सांगितलाय, तरी सांगतो.

यंदा आप्पांनी खरंच मनावर घेतलं. जाहिराती आटल्या होत्या, लोकांनी केबल काढून डिश लावली होती, नाहीतर सगळं मोबाईलवर. आप्पा म्हणाले, "सोमवारपासनं बातम्या बंद. नुसती गाणी लावू." चहा मागवला, पण या वेळेला विषय टळला नाही. आक्का पदराला पीळ घालत राहिल्या. मलाही लई वाईट वाटलं. इतकी वर्षं ऊनपावसात हिंडलो ते कुणासाठी, असं झालं.

शेवटी मीच म्हटलं, "आप्पा, एक दिवस न सांगता बातम्या लावूच नका. फोन आले तर चालू ठेवायच्या. न्हाय आले तर बंद."

"बघ हं," आप्पा म्हणाले. "शब्द दिलायस तू."

महेशला म्हटलं, सातला काहीतरी शांत लाव. त्यानं बिचाऱ्यानं आपल्या बुद्धीनं पेटत्या समईचा फोटो लावला आणि मागं सारंगी. आम्ही चौघं फोनकडं तोंड करून बसलो.

सात वाजले. फोन गप्प. सव्वासात झाले. मी रिसीव्हर उचलून बघितला, फोन चालू होता. खाली गिरणीसुद्धा बंद झाली. आता नुसती सारंगी ऐकू येत होती.

साडेसातला आप्पा उठले. त्यांनाही जिंकल्याचा आनंद नव्हता. "बघितलंस? एक फोन न्हाय. कुणाला गरज न्हाय आपली." आक्कांनी पर्स उचलली आणि दार उघडलं.

जिन्यात माणसं उभी होती!

वरच्या पायरीपासून खाली रस्त्यापर्यंत. चपला खाली काढून ठेवलेल्या. बाप्यांच्या टोप्या हातात, बायकांचे पदर डोक्यावर. कुणी बोलत नव्हतं. गिरणीवाला हात बांधून भिंतीला टेकलेला. जवळच्या फाउंड्रीतनं सुटलेली माणसं डब्याच्या पिशव्यांसकट तशीच आलेली.

आक्का दिसल्या तशी सगळ्यांत पुढच्या मावशींनी त्यांना चाचपून बघितलं आणि मोकळा श्वास सोडला. "तू हाईस न्हवं? बरं झालं बाई." मग हळू आवाजात, "मग समई अन् सारंगी कुणासाठी? कोण गेलं? आप्पा?"

मागून आप्पांनी डोकं बाहेर काढलं. "मी हाय की!"

जिन्यात खालपर्यंत कुजबूज गेली, 'आप्पा हाईत, आप्पा हाईत.' मग एकजण म्हणाला, "मग महेश?" महेशही दारात येऊन उभा राहिला. लोक माझ्याकडं बघायला लागले. मी हात वर केला.

"आरं, कोण बी गेलं न्हाय!" आप्पा ओरडले. "पण इतकं वाटलं तर एक फोन तरी करायचा!"

गिरणीवाल्यानं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं काही आप्पांना कुणी वळणच लावलं नाही.

"मयताच्या घरला कुणी फोन करतंय व्हय, आप्पा? उठून यायचं असतंय."

आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि आत वळून म्हणाले, "महेश, ती समई काढ. आक्कांना बसीव."

मावशींच्या हातात फडक्यात बांधलेलं टोपलं होतं. पिठलं-भाकरी. अशा घरात चूल पेटत नाही म्हणून आणलेली. एका नाही, पाच-सहा घरांतनं टोपली आली होती. मी म्हटलं, मावशी, परत घेऊन जावा. त्या म्हणाल्या, "आणल्यालं परत न्यायचं नसतंय. आणि कोण गेलंच न्हाय तर हे कडू जेवण कसलं? बसा समदे!"

त्या दिवशी सातच्या बातम्या आठला लागल्या. बघायला घरी कुणी नव्हतं. सगळे आमच्या जिन्यात जेवत होते.