नाश्त्याच्या टेबलावरची टिक

गाइडच्या यंत्राच्या पडद्यावर दोनच माणसं दिसत होती. त्याच्यामागे उभे होतो आम्ही तिघे.

जॉर्जियातल्या डोंगरात बॅककंट्री स्कीइंग चाललं होतं. म्हणजे लिफ्ट नाही, तयार उतार नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून आपल्या पायांनी चढायचं. शिखर जेमतेम दोनशे मीटर वर. प्रत्येकाच्या छातीवर बीकन बांधलेला. बर्फाचा थर सुटून माणूस गाडला गेला, तर त्याच्या सिग्नलवरून शोधतात. शेवटच्या उभ्या चढाआधी गाइडने सिग्नल मोजले.

गप्प होता तो पारकरचा.

"सकाळी कोणी तपासलं?" गाइडने विचारलं.

"मी."

मी कुवेतमध्ये सेफ्टी ऑफिसर. पारकर आमच्या साइटवर परांच्या बांधणाऱ्यांचा फोरमन, देसाई स्टोअर सांभाळतो. चेकलिस्ट हा माझा धंदाच, म्हणून गाइडने कागद कौतुकाने माझ्याच हाती दिला. मी नाश्त्याच्या टेबलावर, अंडी खाता खाता, तिघांच्या नावापुढे टिक करून मोकळा झालो. साइटवरची सवय. कुवेतच्या जहरा भागात उन्हाळ्यात कायद्याने दुपारचं काम बंद होतं, त्याआधी सगळ्या परांच्या बघून होत नाहीत. मग एसीत बसून आधी टिक, नंतर फेरी. फेरी बऱ्याचदा राहून जायची. हे तोवर मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"पारकरभाई, चालू का नाही केला?" मी विचारलं.

"साहेब तपासणार म्हटल्यावर मी कशाला हात लावू? हेल्मेटच्या पट्ट्यासाठी मेमो देणारा माणूस तुम्ही!"

गाइडने बाकीचं सामान बर्फावर काढायला लावलं. देसाईच्या फावड्याचं पातं होतं, दांडा हॉटेलात. त्यापुढेही माझी टिक.

"खाली चला," गाइड म्हणाला.

पारकर मे महिन्यात कुवेत सोडून कायमचा रत्नागिरीला जाणार होता. या शिखरासाठी त्याने तीन हिवाळे रजा साठवली होती. उतरताना मी माफी मागत राहिलो. शेवटी तो वैतागला.

"जिवंत आहे ना मी? मग पुरे. गाडला गेलो असतो तर कागद घेऊन शोधत बसला असतात."

कुवेतला परतल्यावर रिपोर्ट लिहून मॅनेजर नायरांपुढे ठेवला.

"ये तो छुट्टी का मामला है," ते म्हणाले.

"सर, आदत साइट की है."

त्यांनी चष्मा काढला. "मतलब, इधर भी?"

"हां, सर."

दुसऱ्या दिवशी काम बंद. चोवीस परांच्या मी एकट्याने चढलो. पारकर खालून ओरडत होता, "सावकाश, साहेब! खाली बर्फ नाही, लागेल!"

पाच परांच्यांना लाल टॅग लावावा लागला, म्हणजे यावर चढू नये. पाचांचेही कागद मी सहीनिशी पास केलेले. त्यांवर पारकरची माणसं रोज चढत होती. त्याने कागद वाचले आणि एकेक करून माझ्या हातात परत दिले.

आता मी पेन ऑफिसात ठेवून वर जातो; टिक खाली आल्यावर.