अण्णांच्या चेहऱ्याची डावी बाजू

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. फोटो काढून घ्यायचा म्हटलं की अण्णांच्या अंगावर काटा यायचा, आणि मी तर तीन काढणार होते, एक समोरून नि दोन बाजूंनी.

"मेल्यावर काढ की," ते म्हणाले, "तेव्हा हलणार नाय मी."

"काहीतरी अभद्र बोलू नका. हनुवटी वर करा."

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. मखमलाबादला आमची फुलशेती, झेंडू आणि शेवंती. त्या घरातून मी कॉलेज रोडवर ॲनिमेशन शिकायला जात होते, आणि ते नेमकं काय असतं हे मी सोडून घरात कुणालाच कळत नव्हतं. कोर्सच्या शेवटी एका खऱ्या माणसाचं डोकं करून दाखवायचं होतं. फोटो सपाट असतो. त्यावरून आधी कॉम्प्युटरमध्ये एक राखाडी मुखवटा घडवायचा, तोही अर्धाच, उजवा. मग एक कमांड दिली की डावा अर्धा आरशात दिसावा तसा आपोआप उमटतो. त्यावर मग फोटो चढवायचा, उशीला अभ्रा चढवतात तसा. सुरकुत्या, दाढीचे खुंट, देवीचे व्रण, सगळं बसलं की तो मुखवटा माणूस होतो. सुरकुत्यांसाठी अण्णांच्या तोंडासारखं तोंड पंचक्रोशीत नव्हतं.

सकाळी ते फुलबाजारातून आले तसं मी त्यांना धरून बसवलं. फोटो झाल्यावर ते ओट्यावर आडवे झाले. अण्णा दिवसा कधी झोपत नसत. पण लगीनसराई होती, पहाटेपासून उभे होते, म्हटलं दमले असतील.

दुपारपर्यंत मुखवटा झाला. फोटो चढवला. उजवी बाजू इतकी झकास बसली की मी एकटीच हसले. डावीकडे मात्र सगळा बट्ट्याबोळ. ओठाचं टोक घसरून हनुवटीकडे गेलेलं, डोळा खाली आलेला. कपाळ माझं! सरळ बसा म्हटलं तरी या माणसानं तोंड वाकडं केलंच. मला असा राग आला! मग आमच्या धंद्यात सगळे करतात तेच मी केलं. फोटो मुखवट्यावर बसत नसेल तर फोटो ओढायचा. माऊसनं ओठाचं टोक हळूहळू वर घेतलं, पापणी उचलली, गालाची घडी खेचली. अण्णा सरळ झाले.

कपाळाच्या आठ्या मात्र फिक्या वाटत होत्या. आदल्या वर्षीच्या एका लग्नातला त्यांचा समोरून काढलेला फोटो मी स्कॅन करून ठेवला होता. आठ्या त्यातून घ्याव्यात म्हणून तो चढवून बघितला. तो बसला. कुठंही न ओढता, डावीकडेसुद्धा.

माझा हात माऊसवरून उठला. मुखवटा बरोबर होता. सकाळचा फोटोही बरोबर होता. अण्णांचा चेहराच डावीकडून खाली उतरला होता, आणि मी तो बसून सरळ करत होते.

शेजारच्या आळीतल्या आजोबांना लकवा झाला तेव्हा आधी तोंडच वाकडं झालं होतं. ते पुढं बोललेच नाहीत, गेले तोवर.

ओट्यावर अण्णा उठून बसले होते. आई शेवंती निवडत होती. मी म्हटलं, "अण्णा, दवाखान्यात चला. आत्ता."

"का गं? काय झालं तुला?"

"मला नाही, तुम्हाला. तुमचं तोंड वाकडं झालंय. कॉम्प्युटरवर दिसलं."

आई हसायला लागली. "अगं बाई, कॉम्प्युटर आता नाडीपण बघतो का?"

"मला कायबी झालेलं नाय," अण्णा म्हणाले. चांगलं ठणकावून म्हणाले. पण 'झालेलं'मधला 'झ' जिभेखाली कुठंतरी अडकला होता, आणि तो फक्त मला ऐकू आला. मी रडायला लागले. अण्णांना रडणं खपायचं नाही. "च्या टाक गं," ते आईला म्हणाले, "पोरगी येडी झालीय."

चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली, बशी तोंडाला लावली. डाव्या कोपऱ्यातून चहा हनुवटीवर आला, तिथून सदऱ्यावर. त्यांना पत्ताच नव्हता. ते पीतच राहिले.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. तीच ओरडली, "भाऊजी, टेम्पो काढा!"

फुलांच्या पाट्यांच्या टेम्पोत चुलते चालवायला बसले, अण्णांना दाराशी बसवलं, नि मध्ये मी स्वतःला कोंबून घेतलं. अख्ख्या रस्त्यात मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ आणखी खाली आला की नाही, आला की नाही. मला देवाचं नावसुद्धा आठवेना.

डॉक्टर म्हणाले, "दात दाखवा. दोन्ही हात वर करा." उजवा हात वर राहिला. डावा आपोआप खाली येत गेला, आणि अण्णा त्या हाताकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. त्या दिवशी मी माझ्या बापाला पहिल्यांदा घाबरलेलं बघितलं. मी त्यांच्याहून जास्त घाबरले.

वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. बोलणं परत आलं, हातही आला, थोडा आळशी होऊन. पण असा झटका पुन्हा येऊ शकतो, हेही त्यांनी सांगितलं, आणि ते माझ्या डोक्यातून जाईना. अण्णा घास घेताना बघ, हसताना बघ, झोपेत बघ. ते वैतागायचे. "माझ्या तोंडावर काय पिक्चर लागलाय का?" पुढे मात्र सकाळी बाजारातून आले की न सांगता माझ्यासमोर उभे राहून दात दाखवायला लागले. "बघून घे नि कामाला लाग."

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. सासर पुण्याला. पाठवणीला सगळ्या बाया रडत होत्या, आणि मला रडू येत नव्हतं, फक्त भीती वाटत होती. उद्यापासून यांच्या तोंडाकडे कोण बघणार? फोनवर चेहरा दिसतो का?

गाडी सुरू झाली. अण्णा गर्दीतून पुढे आले. डोक्याला फेटा, डोळे लाल. पाहुण्यांसमोर, व्याह्यांसमोर त्यांनी सगळे दात दाखवले आणि दोन्ही हात वर केले. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "असं काय करतायत गं?"

मी मागच्या काचेतून बघत राहिले. गाडी वळेपर्यंत अण्णा तसेच उभे होते, दात दाखवत, आणि डावा हात थरथरत होता, पण त्यांनी तो खाली येऊ दिला नाही.