निम्मंच येणारं उत्तर

असले किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घरात एक पीएचडीवाला ठेवा, बस्स! ऐंशी सालानंतरची चार-पाच वर्षं आमच्या घाटकोपरच्या दोन खोल्यांत माझा नातू वसंता आणि त्याचा मित्र सुधीर यांनी माझं डोकं खाल्लं. दोघं पवईला आयआयटीत संशोधन करायचे. वसंताचं काम संपेना, म्हणून लग्न जमेना. दोन मुलींकडचे "आधी पीएचडी होऊ दे" म्हणून गेले, ते गेलेच!

*

मी शाळेची पायरी चढले नाही. तरी एकदा विचारलं, "करतोस काय रे तिथे?"

"आजी, सिलिकॉनच्या तुकड्यात इलेक्ट्रॉनची गर्दी असते. कुठे दाट, कुठे विरळ. ते गणित सुटत नाही. म्हणून प्रत्येक जागी असं धरायचं, की चहूकडे गर्दी इथल्याइतकीच आहे."

"अरे, पापलेटवालीपाशी जेवढी गर्दी, तेवढीच सगळ्या घाटकोपरात धरलीस तर चालेल?"

सुधीर जेवता जेवता ओरडला, "वसंता, सरांनी हेच विचारलं होतं ना!"

*

बरं, उत्तर एका फटक्यात नाहीच. आधी अंदाज धरायचा, उत्तर काढायचं, ते परत गणितात घालायचं. जुनं-नवं जुळेपर्यंत हेच!

"पण नवं एकदम सगळं घालायचं नाही," वसंता म्हणाला. "थोडंथोडं मिसळायचं. नाहीतर वाट लागते."

"हे तुझ्या आईला सांग. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात माझे सगळे डबे हलवले तिने!"

*

शेजारच्या मालवणच्या कमलमावशी जिन्यात रोज विचारायच्या, "जुळला काय रे उत्तर?"

"जवळ आलोय, मावशी."

"काल पण जवळच होतंस मा?"

*

ते गणित कार्डांना भोकं पाडून कॉम्प्युटरला द्यायचे. एकदा कार्डांचा खोका जिन्यावरून पडला. सगळी चाळ धावली. तळमजल्यापर्यंत शोधून आम्ही एकूण एक कार्ड खोक्यात भरून दिलं.

"एकही हरवलं नाही हो!" मी म्हटलं.

वसंता पायरीवरच बसला. "आजी... क्रम?"

*

मग मुलुंडची मुलगी बघायला गेलो. नलिनी पोहे देऊन बाजूला बसली. तिचे वडील थेट मुद्द्यावर आले. "उत्तर बरोबर येतं ना?"

मी वसंताला कोपराने ढोसलं. काही उपयोग?

"निम्मं येतं," तो म्हणाला. "सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेत एक फट असते, ती गणिताने काढतो मी. प्रयोगात मोजलेली खरी असते तिच्या निम्मीच येते. या पद्धतीने सगळ्यांचीच तशी येते."

"मग दुप्पट करून लिहा की! कोणाला कळतंय?"

"ती लबाडी होईल, काका."

झालं! तिसरं स्थळही गेलं. मी पिशवी उचलली.

तेवढ्यात नलिनीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "निम्मं येतं, हे सगळ्यांना सांगता?"

"विचारलं की सांगतोच."

तिने त्याच्यापुढची बशी उचलली. "पोहे गार झालेत. दुसरे आणते."