पहिल्या रविवारचं माहेर

आई-वडील माझ्या लग्नाआधीच गेले. सख्खं भावंड नाही. त्यामुळं लग्न होऊन दौंडला आले तेव्हा मागं जायला घरच उरलं नव्हतं. दिवाळीत शेजारच्या बायका माहेरी गेल्या की गल्ली रिकामी व्हायची आणि मी उगाच घासलेली भांडी पुन्हा घासायला काढायचे.

शिरूरला मामी होती. मामा मार्केट यार्डात एका आडत्याकडं दिवाणजी होते. ते गेल्यावर ती एकटीच राहायची, मुलगा हैदराबादला नोकरीला. मामीला मी लहानपणापासून अगं-तुगं करत आले, तरी तिच्याकडं जाणं लग्नकार्यापुरतंच. काही काम नसताना कसं जायचं, असं वाटायचं.

मग नवऱ्याचा टेम्पो पाटसजवळ उलटला. पायात सळई बसवावी लागली. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. माझ्या पगारावर एका फायनान्स कंपनीनं लगेच पर्सनल लोन दिलं. त्या गडबडीत व्याज किती, हे विचारायचं भान नव्हतं. वर्षभर हप्ते भरून पाहिलं, तर मुद्दल जेमतेम हललं होतं. व्याज सोळा टक्के.

मामी नवऱ्याला बघायला आली होती. परत निघाली तेव्हा मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेले. बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, "व्याज किती लावत्यात गं?"

मी सांगितलं. तिनं बोटांवर काहीतरी हिशोब केला. मग म्हणाली, "मामांची ठेव हाय बँकेत. म्होरल्या महिन्यात मुदत सरतीय. मला सात टक्के मिळत्यात. ती काढू आन् तुझं कर्ज बंद करून टाकू."

"मामी, ती तुझ्या म्हातारपणाची पुंजी आहे."

"मी कुठं फुकट देतीय? बँक देती तेवढं तू दे मला. माझं काय कमी व्हायचं न्हाई, तुझं मातर वाचंल."

मी लगेच हो म्हटलं नाही. उद्या माझीच नोकरी गेली तर तिचे पैसे कुठून फेडायचे, असं वाटायचं. मामीनं परस्पर मुलाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, ताईला दे. मग मी शिरूरला गेले. बँकेतल्या साहेबांनी ठेव पुन्हा ठेवायचा आग्रह केला. मामी म्हणाली, "न्हाई साहेब, पोरीला द्यायचेत." त्यांनी ठेव मोडायचा फॉर्म पुढं सरकवला. मी मात्र तो ‘पोरीला’ शब्द घेऊन दौंडला परतले.

मुदतीआधी कर्ज फेडल्याबद्दल कंपनीनं दंड लावला. तो भरूनही पुष्कळ वाचत होतं. मामीची अट एकच होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पैसे स्वतः घेऊन यायचं.

"मोबाइलवरून पाठवते की," मी म्हटलं.

"पाठवू नगंस. घिऊन ये."

तेव्हापासून पहिला रविवार शिरूरचा झाला. सकाळची एसटी पकडायची. उसाच्या हंगामात पुढं ट्रॉल्या लागल्या की गाडी रांगत चालायची आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. मामी दारातच उभी असायची. पैसे घेऊन डब्यात टाकायची, मोजायची नाही. मग शेंगोळी, बाजरीची भाकरी, खर्डा. जेवण झालं की मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावायची. आईनंतर माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. तिला दिसू नये म्हणून मी डोळे मिटून घ्यायचे.

पहिल्या दिवाळीत तिनं ओटी भरायला शेजारणीला हाक मारली. मी म्हटलं, "तूच भर."

"मी कशी भरू? मामा न्हाईत."

"मला तुझ्याच हातची पाहिजे."

ती ताट धरून थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं मला कुंकू लावलं आणि पदरात तांदूळ-नारळ घातले.

असं होता होता मुद्दल कमी झालं. शेवटचे काही महिने उरले, तेव्हा मामी म्हणायला लागली, "ह्या खेपंला निम्मंच दे. ऱ्हायलेलं म्होरल्या महिन्यात." मला बोनस मिळाला होता. सगळं एकदम फिटलं असतं. मी तो बोनस घरी ठेवला आणि निम्मे पैसे देत राहिले. आम्ही दोघी याबद्दल कधी बोललो नाही.

पण तिचे गुडघे गेले. जिना चढणं बंद झालं, मग पाणी भरणं. मुलगा आला आणि तिला हैदराबादला घेऊन गेला. त्याचं बरोबरच होतं. निघताना तो म्हणाला, "ताई, राहिलेले पैसे माझ्या खात्यावर टाका, जमतील तसे." मी त्याच आठवड्यात टाकले. कर्ज संपल्याचा आनंद म्हणतात तो मला झाला नाही.

आता तिच्या घरात कंपनीत कामाला जाणारी दोन-तीन पोरं भाड्यानं राहतात. शाळेच्या कामानं शिरूरला गेले की माझे पाय तिकडं वळू लागतात. मी त्यांना मार्केट यार्डाच्या रस्त्यानं पुढं नेते.

रविवारी मामीचा फोन येतो. आठव्या मजल्यावर राहते. वारा छान लागतो म्हणते. बाजरीचं पीठ मिळतं, पण भाकरी थापली की चिरते म्हणते. मग विचारते, "डोक्याला तेल लावतीस का?" मी लावते म्हणते.

आमचं घर स्टेशनापासून जवळ आहे. वारा इकडचा असला की हैदराबादच्या गाडीची घोषणा स्वयंपाकघरात ऐकू येते. परवा नवऱ्याला म्हटलं, मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की रिझर्व्हेशन करू या. तो म्हणाला, कर की. पण तिथं मुलाचा संसार आहे, सुनेची नोकरी आहे. काय सांगून जायचं, एवढंच अजून ठरत नाही.