आईच्या मिरच्या आणि गौराक्काची गाय

त्या मंगळवारी यशवंतपुरात गौराक्काची गाय सुटली नसती, तर मी मिरचीचे सगळे डबे उचलून नाल्यात फेकले असते... आणि वर घरातल्या प्रत्येकाशी भांडले असते.

साठ-एकसष्टचा सुमार. लग्न होऊन मी संकेश्वरहून बंगळूरच्या यशवंतपुरात आले होते. हे कारखान्यात कामाला, भाड्याच्या दोन खोल्या आणि सोबत सासूबाई. त्यांना आम्ही आत्या म्हणायचो.

त्याच वर्षी माझी आई गेली. दिवसकार्य आटोपून निघताना तिच्या फडताळातली मिरचीच्या बियांची पुरचुंडी तेवढी मी उचलून आणली. दरवर्षी परसात लावायची ती... लांब, सुरकुतलेली, चिमूटभर तिखटात आमटी लाल करणारी मिरची.

बी जुनं झालेलं. सगळं पेरलं, त्यातली नऊ रोपं उगवली. म्हणजे ही नऊ गेली की आईची मिरची संपली, एवढा सरळ हिशोब होता.

वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून लावली. आठ डबे अंगणात भिंतीला लागून. नवव्याला जागाच नव्हती, म्हणून तो गच्चीच्या जिन्यावर, अगदी वरच्या पायरीवर.

महिनाभर बरं चाललं. मग पानांच्या कडा करपायला लागल्या, तापलेली इस्त्री लागल्यासारख्या. शेंडे वाळले, वाढ खुंटली. माती ओली असायची आणि रोप मात्र मान टाकून उभं.

आणि मग घरात डॉक्टरच डॉक्टर झाले! ह्यांचं निदान, पाणी जास्त होतंय. दोन दिवस पाणी बंद. शेजारच्या गौराक्काचं निदान, पाणी कमी पडतंय. चार पिढ्या इथंच राहिलेलं मराठी घर तिचं, बोलण्यात कानडी मिसळलेली. म्हणायची, "अग, स्वल्प आंबट ताक शिंपड, सरी होतंय बघ, एकदम ठीक." शिंपडलं. अंगणभर वास, डब्यांभोवती माश्या, पानं होती तशीच.

ह्यांच्या कारखान्यात कुणीतरी सांगितलं की हा बोकड्या रोग, तंबाखूचं पाणी मारा. अहो, बोकड्याने पानं आकसतात, वळतात. ही तर कडेने जळत होती! एवढं मला कळत होतं, पण सुनेचं ऐकतंय कोण? तंबाखूचं पाणीही झालं. मातीवर पांढरं पूट धरलं होतं, त्यावर ह्यांनी अर्धा तास व्याख्यान दिलं की इथल्या पाण्यात चुनाच फार.

दोन रोपं गेली. मग तिसरं... चौथं. जिन्यावरचं तेवढं हिरवंगार. ते उन्हामुळे, असं ठरलं आणि बाकीचे डबे उन्हात सरकवले. पाचवं गेलं.

त्यात माझा रोजचा आणखी एक वैताग होता. आई गेल्यापासून मला अन्न जात नव्हतं. आत्यांची खात्री, पोरीला दृष्ट लागली. रोज दिवेलागणीला मूठभर खडेमीठ माझ्यावरून उतरवायच्या. गावी हे मीठ चुलीत टाकतात, पण आमच्याकडे स्टोव्ह. म्हणून तांब्यातल्या पाण्यात सोडायच्या. कधी एकदा आटपतंय म्हणून मी भिंतीकडे बघत उभी राहायची.

तर तो मंगळवार. दुपारी कपडे वाळत घालायला आले तर गौराक्काची गाय अंगणात, तोंड थेट डब्यात. केरसुणी घेऊन धावले. गाय हलेना. जवळ जाऊन बघते तर पानाला तिनं तोंडही लावलं नव्हतं... ती माती चाटत होती. एक डबा चाटून झाला की दुसरा.

मी ते पांढरं पूट बोटाने उचललं आणि जिभेवर ठेवलं. मीठ! चुना कसला नि काय कसलं, चांगलं खारट मीठ! जिन्यावर धावत गेले, तिथली चव घेतली. नुसती माती. घरात जिना न चढणारं एकच माणूस होतं. आत्यांचे गुडघे धरलेले.

संध्याकाळी त्या मूठ घेऊन आल्या तशी मी विचारलं, हे पाणी नंतर कुठं टाकता?

"कुठं म्हणजे? तुझ्यावरून उतरलेलं ते, कुणाच्या पायदळी येऊ नये. मोरीत सगळे पाय देतात. म्हणून तुझ्या डब्यांत जातंय की... रोज एकात, आळीपाळीनं."

माझा तोल गेला. माझ्या आईची रोपं तुम्ही मारलीत, असं मी ओरडले. त्या घरात आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ.

आत्यांची मूठ तशीच हवेत राहिली. मग हळूच म्हणाल्या, "तू जेवत नव्हतीस, बाई. मला दुसरं काय येतंय?"

मला रडूच फुटलं. रागाचं होतं की आईचं होतं, आजही सांगता येत नाही. त्या दिवशी मी दुसरी भाकरी मागून घेतली.

अंगणातली उरलेली तीन रोपं माती बदलूनही जगली नाहीत. जिन्यावरचं जगलं. त्याची पहिली मिरची लाल झाली तेव्हा आत्या एकेका पायरीवर बसत बसत वर आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्यात मीठ... मिरचीची दृष्ट काढायला! मी कपाळाला हात लावला. त्यांना काढू दिली, आणि तांब्या मात्र हातातून घेऊन नाल्यात रिकामा करून आले.

आत्या होत्या तोवर हे असंच चाललं. दृष्ट त्या काढायच्या, पाणी मी टाकून यायची.

आज बंगळूरच्याच बनशंकरी भागातल्या माझ्या बाल्कनीत त्याच बियांची सात रोपं आहेत. पानं हिरवी आहेत, आत्या. आणि मी दोन्ही वेळा नीट जेवते.