मनकवड्यांची पुरवणी

जळालेल्या विजेच्या मोटारीचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखता येतो. करपलेलं वार्निश, तापलेलं लोखंड, आणि त्यामागून येणारा एक गोडसर दर्प, आजारी माणसाच्या खोलीत असतो तसा. आमच्या रस्त्याच्या वळणावर हा वास बारा महिने असतो, कारण तिथे तारकाकांचं दुकान आहे. विहिरीवरचे पंप, गिरणीच्या मोटारी, घरातले पंखे, जे जे फिरायचं थांबलं ते ते त्यांच्या ओट्यावर येऊन पडतं. काका आधी त्यावरून हात फिरवतात, मग कोळसा झालेली तार उपसून काढतात आणि तांब्याची नवी तार एकेक वेढा देत भरत जातात. वेढा देताना त्यांच्याशी बोलून उपयोग नसतो. सूर्य दारातून आत येतो, ओट्यावरून सरकत भिंतीवर चढतो आणि निघून जातो, तरी काका तिथेच असतात.

असा हात पंचक्रोशीत दुसरा नाही. पण माणूस म्हणून काका जरा अवघड. खोटं बोलता येत नाही, ते एक. गिऱ्हाईक आशेने विचारतं, "कधी होईल काका?" काका मोटारीकडे बघून म्हणतात, "होणार नाही. खड्डा खणून पुरा." दुसरं म्हणजे, समोरच्याच्या मनात काय चाललंय हे त्यांना कधीच कळलं नाही. एकदा काकू रागाने भांडी आपटत होत्या. काकांनी दुकानातून आवाज ऐकला, पान्हा घेऊन आत गेले, भांड्यांची मांडणी भिंतीला घट्ट आवळली आणि समाधानाने परत आले. त्यानंतर काकूंनी दोन दिवस भांडी अगदी हळू ठेवली. काका सगळ्यांना सांगत होते, "मांडणीच ढिली होती."

अशा माणसाने मनं वाचण्याचे नियम लिहायला घेतले, ती ही हकिगत.

दर रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली येतं आणि ओट्यावर खेळ मांडला जातो. हा खेळ पत्त्यांचा नाही, सोंगट्यांचाही नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. गोष्ट सांगणारा म्हणतो, समोर दरी आहे. योद्धा म्हणतो, मी उडी मारतो. मग फासा टाकायचा, आणि उडी पार पडली की योद्धा दरीत पडला ते फासा ठरवतो. गोष्ट सांगायचं काम काकांचं. प्रत्येकाच्या पात्राची बोटभर आकृती त्यांनी मोटारीतून निघालेल्या जुन्या तारेची वळून केलेली. ढाल धरलेला योद्धा असा, की त्याच्या गुडघ्याचा वाकसुद्धा दिसावा.

खेळायला तिघं. एक सलूनवाला. जाडजूड नियमपुस्तक त्यानेच शहरातून आणलेलं, त्यामुळे शेवटचा शब्द त्याचा, आणि त्याला तलवारीशिवाय काही सुचत नसे. दुसरा बेकरीवाला. तो पहाटेच भट्टीशी उभा राहायचा, म्हणून दुपारी फासा हातात धरूनच पेंगायचा. तिसऱ्या नर्सबाई, काकांच्या थोरल्या भावाची बायको. दवाखान्यात सगळ्यांना दटावून आलेल्या, त्या खेळातही राक्षसांना दटावायच्या.

वर्षानुवर्षं राक्षस मारून मारून काका कंटाळले. हिवाळाभर बसून त्यांनी त्या जाड पुस्तकाला स्वतःची एक पुरवणी लिहिली. तीत नवे पेशे, सगळे मनाच्या जोरावर चालणारे. मनकवडा, जो दुसऱ्याचं मन वाचतो. आधीदेख्या, जो फासा आधीच टाकून वाटीखाली झाकतो आणि हवा तेव्हा वापरतो. ढकल्या, जो हात न लावता वस्तू ढकलतो. आणि झोपमोड्या, जो दुसऱ्याच्या स्वप्नात शिरतो.

काकूंनी ऐकलं आणि हातातली इस्त्री उभी करून ठेवली. "दुसऱ्याच्या मनात शिरायचे नियम? आणि ते तुम्ही लिहिले?"

"हो."

"बरं," काकू म्हणाल्या आणि पुन्हा इस्त्री करायला लागल्या. काकांना ती शाबासकी वाटली.

पहिल्या रविवारी पेशे वाटले गेले. नर्सबाई मनकवडा झाल्या. बेकरीवाल्याला झोपमोड्या देऊ केला, तर तो म्हणाला, "माझीच झोप रोज मोडते, आता दुसऱ्याची कशाला?" म्हणून त्याला आधीदेख्या दिला. त्याने फासा टाकला, वाटी उचलून बघितलं, तर आकडा एक. सगळ्यात वाईट. मग तो आपलं पात्र धर्मशाळेतून बाहेरच काढेना. "माझं पुढे काही खरं नाही," म्हणाला, "मी इथेच पडून राहतो." सलूनवाला नाइलाजाने ढकल्या झाला, पण तलवार सोडेना.

"अरे, तू मनाने वस्तू हलवतोस," काका म्हणाले. "तलवार हातात कशाला?"

"सवय आहे."

काकांनी गोष्ट मोठी कष्टाने विणली होती. राजवाड्यात तोतया राजा बसलाय, खरा राजा तळघरात कोंडलाय, आणि हे कळायला निदान चार रविवार लागावेत. पण वेशीवर पहारेकरी दिसला, आणि नर्सबाई म्हणाल्या, "मी याचं मन वाचते." फासा टाकला, आकडा चांगला पडला.

काकांनी फाशाकडे पाहिलं. मग त्यांना जमत होतं तेच त्यांनी केलं. खरं सांगितलं. "त्याच्या मनात आहे की राजा तोतया आहे आणि खरा तळघरात आहे. किल्ली घोड्याच्या पागेत, डाव्या खुंटीला."

चहा यायच्या आत राज्य परत मिळालं. बेकरीवाल्याचं पात्र तोवर धर्मशाळेत अंथरूणच घालत होतं.

सलूनवाला म्हणाला, "काका, रागावू नका. पण गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आत दाढी झाली तर त्याला काय मजा?" आणि वर म्हणाला, "पुढचा रविवार तुमचा. रंगला तर पुरवणी कायमची ठेवू. नाही रंगला तर परत आपल्या तलवारी, आणि मनाबिनाचं नाव काढायचं नाही."

काकांनी मान हलवली. त्या आठवड्यात एका पंपाला त्यांनी उलटा वेढा दिला. काकांच्या हातून वेढा चुकला ही बातमी गिरणीपर्यंत गेली. जेवताना ते घास हातात धरून बसत. शेवटी काकूंनी विचारलं, "झालंय काय?"

"पहारेकऱ्याने सगळं सांगून टाकलं."

"कुठला पहारेकरी?"

"खेळातला." काकांनी सगळं सांगितलं.

काकू सदरा झटकत होत्या. "तो सकाळपासून उभा होता ना वेशीवर?"

"हो."

"बूट घालून?"

"असतील बूट."

"मग तो राजाचा विचार कशाला करेल? बुटाचा करेल."

"पण राजा तोतया आहे हे त्याला माहीत आहे!"

"अहो, माहीत असणं वेगळं आणि मनात असणं वेगळं. तुमच्या दादांनी गिऱ्हाइकाचा पंखा आपला म्हणून नेला, हे मला माहीत आहे. पण आत्ता माझ्या मनात आहे की या सदऱ्याचं बटण गेलं कुठे."

"दादाने पंखा नेला?"

"बघा! आणि हे मनकवड्यांचे गुरू." काकूंनी बटण शोधायला पलंगाखाली हात घातला.

काकांनी मुद्दा मनावर घेतला. रविवारपर्यंत पहारेकऱ्याच्या मनात काय काय असेल याचा विचार करत राहिले. चांगला, प्रामाणिक विचार. पण तार जशी एकाच दिशेने वळते तसं त्यांचं डोकं. बुटाच्या पुढे ते जाईना.

रविवार आला. गोष्ट पुन्हा पहिल्यापासून मांडली. तळघराचं आणि किल्लीचं गुपित गेल्या खेपेला फुटलं होतं, म्हणून काकांनी दुसरा देश घेतला आणि त्याचं गुपित काय हे काकूंशिवाय कोणालाच सांगितलं नाही. दुकानामागच्या खोलीचं दार उघडं होतं, तिथे काकू इस्त्री करत होत्या. वेस आली, पहारेकरी आला. नर्सबाईंनी फासा टाकला. "काय आहे याच्या मनात, भाऊजी?"

काका सावरून बसले. "बूट चावतोय."

"बरं. आणखी?"

काकांच्या कपाळावर घाम आला. "दुसराही चावतोय."

बेकरीवाल्याने हसू दाबलं आणि ते जांभईत निघालं. सलूनवाल्याने आपला तारेचा योद्धा ओट्यावरून उचलला आणि खिशात ठेवायला लागला. काका त्या खिशाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा झाला, जसा ते आलेल्या मोटारीला 'पुरा' म्हणतात तेव्हा गिऱ्हाइकाचा होतो.

तेवढ्यात आतून आवाज आला.

"बूट धाकट्या भावाचे आहेत. मागेल म्हणून हा झोपतानाही काढत नाही."

सगळे दाराकडे वळले. काकू दिसत नव्हत्या, फक्त इस्त्रीची वाफ दिसत होती. आवाज चालूच होता. "आज सासरे यायचेत. त्यांना बसवायचं कुठे? एक खुर्ची मोडकी, दुसरीवर मांजर. उठवलं तर ओरबाडतं. सासऱ्यांना मोडकी द्यावी, तर बायको महिनाभर ऐकवणार. आणि राजेसाहेबांना हल्ली झालंय काय? पाणी दिलं की 'देव तुझं भलं करो बाबा' म्हणतात. आधी तांब्या फेकून मारायचे. जाऊ दे. मोडकीच्या पायाखाली वीट लावता येईल."

नर्सबाई खदखदून हसल्या. "अगं, हा तर आमच्या वॉर्डबॉयचा भाऊ!"

पण बेकरीवाला ताठ बसला होता. त्याला इतकं जागं कोणी कधी पाहिलं नव्हतं. "थांबा. राजा भलं करो कसा म्हणायला लागला? माणूस एकाएकी गोड बोलत नाही. हा राजा तो नव्हेच, इथेही तोतयाच!" आणि वाटीखालच्या आकड्याची पर्वा न करता त्याने आपलं पात्र धर्मशाळेबाहेर काढलं.

योद्धा खिशातून परत ओट्यावर आला.

त्यानंतर स्वयंपाकिणीचं मन वाचलं गेलं, प्रधानाचं, एका घोड्याचंसुद्धा. काकू कपड्यांचा गठ्ठा संपवत होत्या आणि मनं सांगत होत्या. प्रत्येक मनात दहा गोष्टी, त्यात कामाची एखादी, तीही कोपऱ्यात पडलेली. नर्सबाई आणि बेकरीवाला ती उचलायला भांडायचे. काका फक्त दरवाजे, जिने आणि अंतरं सांगत होते आणि मधूनमधून दाराकडे बघत होते, नवी मोटार पहिल्यांदा फिरताना बघावी तसे.

शेवटी दरबार आला. सिंहासनावर तोतया. सलूनवाल्याने बाह्या सरसावल्या. "आता मला अडवू नका. मी याचं मुंडकं उडवतो."

"आधी मन वाचू दे," नर्सबाई म्हणाल्या.

आत इस्त्री टेकवल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "दाढ दुखतेय. चार दिवस नुसत्या पेजेवर आहे. वैद्याला दाखवावी, तर तो तोंड उघडायला लावणार. खऱ्या राजाचे दात त्याला पाठ आहेत, लगेच ओळखेल. प्रधानाने चाकावरून उठवून आणलं, अंगावर हे जरीचं ओझं चढवलं. मडकी तशीच ओली राहिली. ह्या माणसाने तलवार का उगारलीय? मारायचंच असेल तर उजव्या बाजूने मार बाबा, डाव्या गालाला धक्का लावू नको."

सलूनवाल्याच्या हातात फासा तसाच राहिला.

"मारा की," नर्सबाई म्हणाल्या. "तुमचीच तलवार."

"दाढ दुखणाऱ्या माणसाला?" तो ओरडला. "आता याला मी कसा मारू? बिघडवलात खेळ! इतके राक्षस मारले, एकाची दाढ दुखत नव्हती!" तो उठला, शटरपर्यंत गेला, परत आला. काकांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी पुरवणी मिटून मांडीवर घेतली होती.

सलूनवाला बसला. नाक ओढून म्हणाला, "मी ढकल्या आहे ना? हात न लावता वस्तू हलवतो?"

"हो," काका म्हणाले.

"मग मी त्याची दाढ काढतो. मनानेच. सांगा, काय पडायला हवं?"

काकांनी घाईने पुरवणी उघडली. दगड ढकलायचा नियम होता, दार ढकलायचा होता, घोडेस्वार ढकलायचा होता. पानं पुढे गेली, मागे आली. "दाढेचा नियम नाही," ते म्हणाले. खोटं बोलता येत नव्हतं ना.

"नाही?"

"नाही."

"मग लिहा!" सलूनवाल्याने ओट्यावर हात आपटला. "आज त्याला धीर देऊन ठेवतो. पुढच्या रविवारी मी येणार, आणि ती दाढ काढल्याशिवाय इथून हलणार नाही. नियम नीट लिहा, घाईत नको. जबड्याचा प्रश्न आहे."

तिघं गेली. काका पेन्सिल घेऊन ओट्याशी बसले. बराच वेळ कागद कोरा राहिला. मग ते उठून आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. काकू घडी घालत होत्या.

"अगं," काका म्हणाले, "वरची दाढ, की खालची?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, हातातला सदरा बाजूला ठेवला आणि खुर्ची ओढून त्यांना बसायला दिली.

"खालची," त्या म्हणाल्या. "आणि कळ पार कानापर्यंत जाते. लिहा."