सालगड्याची फुली

दिनांक १७ एप्रिल २०१६, रविवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. मांजरसुंब्याच्या अलीकडे असलेल्या आमच्या गावात पाण्याचा टँकर नुकताच येऊन गेला होता. धाकट्या भावाच्या ओसरीवर त्याच्या अमेरिकन सुनेने सतरंजीवर एक लांब कागद पसरला आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

पुतण्या आणि ती चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी आले होते. कागदावर तिच्या माहेरची अकरा पिढ्यांची वंशावळ होती. सर्वांत वर एक माणूस होता. अमेरिकेवर इंग्रजांचा अंमल असताना तो जहाजाने तेथे उतरला. जहाजाच्या भाड्यापोटी सात वर्षे एका जमीनदाराकडे राबण्याचा करार त्याने करून दिला होता.

"म्हंजी सालगडीच की," भाऊ म्हणाला. "सात सालाचा!"

सगळे हसले. पुतण्याने भाषांतर केल्यावर सूनही हसली. मी हसलो नाही.

तिने कराराची छायाप्रत दाखवली. त्या माणसाला लिहिता येत नव्हते. सहीच्या जागी त्याने वाकडी फुली मारली होती आणि शेजारी कारकुनाने 'ही याची खूण' असे लिहिले होते. एका निरक्षर गड्याची फुली परक्या लोकांनी एवढी वर्षे जपली. मला त्या माणसाचा हेवा वाटला. हा शब्द मी विचार करून लिहीत आहे. माझ्या वयाच्या माणसाने मेलेल्या गोऱ्या गड्याचा हेवा करणे शोभत नाही. पण नोंद खरी ठेवायची तर तसेच लिहावे लागेल.

आजोबांच्या पलीकडचे एकही नाव मला ठाऊक नाही. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वंशावळींच्या वह्यांत आमच्या लोकांना जागा नव्हती. वडिलांनी धर्म बदलला तेव्हा जुने कागद बदलून घेण्याचा प्रश्न आला नाही, कागद नव्हतेच.

मी तेहतीस वर्षे सहकारी सोसायटीचा सचिव होतो. दरवर्षी ऑडिटरसमोर दप्तर मांडून मांडून त्याची नजर मीही उचलली होती. सुनेच्या कागदांचा गठ्ठा मी मागून घेतला. पुतण्याला एकेक ओळ विचारीत दोन तास पाहिला. त्यात चूक सापडावी अशी माझी इच्छा होती. ती सापडली.

"करारात लग्नाला मनाई आहे?" मी विचारले.

"आहे, मोठेबाबा. मुदत संपेपर्यंत मालकाच्या परवानगीशिवाय लग्न करायचं नाही."

"आणि त्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद?"

पुतण्याने बोटांवर हिशेब केला. "कराराच्या पाचव्या वर्षातली. आईबाप विवाहित लिहिलेत."

"परवानगीचा कागद?"

तो तिच्याशी इंग्रजीत बोलला. "नाही. गावही वेगळं आहे."

"मग एकाच नावाची दोन माणसं असतील. हा तो नव्हे."

भावाने मांडीवर थाप मारली. "दादा, तुमी गोऱ्याच्या खापरपणज्याचं बी ऑडिट काढलं! आता त्येला नोटीस धाडा!"

सून कागदावर वाकली. मग पेन्सिल घेऊन तिने त्या माणसापासून निघणारी रेघ खोडली. सहा वर्षांचे काम होते. "मोठेबाबा, बरोबर," ती तिच्या मराठीत म्हणाली. "मी पुन्हा शोधेल."

मला आनंद झाला. चहा येईपर्यंतही तो टिकला नाही. तिची एक रेघ गेली होती, दहा पिढ्या शाबूत होत्या, आणि पुन्हा शोधायला तिच्याकडे जागा होती.

मग तिने आमची बाजू काढली. आपल्या मुलीसाठी तिला पणजोबांची, म्हणजे आमच्या वडिलांची, एखादी खूण हवी होती. तलाठ्याने लिहिलेले नाव नको. त्यांच्या स्वतःच्या हातची खूण.

"त्यात काय!" भाऊ म्हणाला. "बाप सोसायटीच्या पयल्या सभासदातला. वहीत त्येचा आंगठा आसंलच. दादांनी जल्मभर दप्तर सांभाळलं. उठा दादा, कपाटाची चावी आना."

मी उठलो नाही.

शहाऐंशीच्या दुष्काळी उन्हाळ्यात जुनी सभासद नोंदवही मी नष्ट केली होती. तिला वाळवी लागली होती. हयात सभासद नव्या वहीत उतरवले, मयतांची नावे गाळली, संचालक मंडळाचा ठराव घेतला आणि सोसायटीच्या मागे खड्डा करून वही पेटवली. सर्व नियमानुसार झाले. वडील त्याच्या सहा वर्षे आधी वारले होते. त्यांचे पान मी पाहिले होते. मयत सभासदाचे पान म्हणूनच पाहिले. नव्या वहीत वडील उरले ते माझ्या नावाच्या मधोमध, माझ्याच अक्षरात.

"ती वही मीच जाळली," मी म्हणालो.

"कावून?"

"नियम होता."

"बापाचं एक पान काढून ठिवलं आसतं तर कोन फाशी देनार व्हतं बे तुला?"

सत्तर वर्षांत भावाने मला 'बे' म्हटले नव्हते.

सुनेने पुतण्याकरवी विचारले, अंगठा कोणता होता, शाई कोणती होती. पाहणाऱ्याने लिहून दिले तर तोही पुरावा धरतात, असे ती म्हणाली. मी फुलस्कॅप मागवला आणि जबाब लिहिला. डावा अंगठा. निळी शाई. मधोमध विळ्याचा जुना व्रण असल्याने तेथे शाई उमटली नव्हती. वही कोणी जाळली तेही लिहिले आणि खाली सही केली. भावाने साक्षीदार म्हणून सही केली.

तिने तो कागद गड्याच्या करारालगत ठेवला. फरक कोणालाही दिसला असता. फुली त्याची स्वतःची होती. हा कागद माझा होता.

साडेपाच वाजता फाट्यावर जाऊन जबाबाच्या दोन झेरॉक्स काढल्या. मूळ प्रत सुनेला दिली, एक भावाच्या ओसरीवर ठेवली आणि एक माझ्या पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावले.